पहिल्या पावसाचे पाणी : उज्जयिनीच्या जलव्यवहाराचा एक मागोवा

‘मेघदूता’तील यक्ष मेघाला अलकेचा मार्ग सांगतो, तेव्हा उज्जयिनी त्या मार्गावर नसतानाही तिच्यासाठी वाट वाकडी करण्याचा आग्रह धरतो. कालिदासाच्या या पक्षपाताचा आपणां उज्जैनकरांना पिढ्यान्‌पिढ्या अभिमान वाटत आला आहे आणि तो सार्थही आहे. परंतु मेघ येथवर आला, बरसला, त्यानंतर त्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न काव्याच्या कक्षेबाहेरचा असल्यामुळे असेल, आपण सहसा विचारीत नाही. ते पाणी आपल्या कौलांवरून आणि गच्च्यांवरून, अंगणांतून, पटनी बाजार आणि दौलतगंजच्या रस्त्यांवरून वाहत नाल्यात उतरते आणि नाल्यातून क्षिप्रेस मिळते. वाटेत जे जे सापडेल ते ते सोबत नेते. हे ‘जे जे’ काळाच्या ओघात कसे बदलत गेले आणि त्यात आपला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या गृहस्थांचा आणि दुकानदारांचा, वाटा किती, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नदी दोन वाटांनी मलिन होते. पहिली वाट सांडपाण्याची. मोऱ्या, गटारे आणि कारखान्यांची तोंडे यांतून ते बारा महिने वाहते. त्याला ठिकाण असते, त्याचे मोजमाप होते, त्यावर यंत्रणा बसविता येते. दुसरी वाट पावसाची. रस्त्यावर सांडलेले तेल, दारात ओतलेले साबणाचे पाणी, बांधकामाचा चुना आणि सिमेंट, फुलांचे निर्माल्य, गुरांचे शेण, प्लास्टिकच्या पिशव्या, हे सारे आठ महिने जमिनीवर साचत राहते आणि ज्येष्ठ-आषाढातील पहिली मोठी सर ते एका तासात उचलून नदीत नेऊन टाकते. या मळाला ठरावीक मुख नाही आणि ठरावीक मालकही नाही. म्हणूनच त्याविषयी कोणी बोलत नाही.

क्षिप्रेच्या बाबतीत ही दुसरी वाट विशेष महत्त्वाची आहे. इंदूरजवळ उज्जैनी गावाच्या परिसरात, काकरी बर्डी नावाच्या टेकडीत उगम पावून ही नदी उत्तरेकडे सुमारे १९५ किलोमीटर वाहते आणि चंबळेस मिळते. तिला हिमालयाचे बर्फ नाही. माळव्याच्या काळ्या मातीवर आणि बेसाल्टच्या खडकावर वर्षाकाठी जो सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोच तिचा स्वतःचा प्राण. आणि त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांतच पडतो. संसाराच्या भाषेत बोलायचे तर नदीची सारी कमाई या चार महिन्यांची, आणि उरलेले आठ महिने ती शिलकीवर काढते. हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात सुमारे ९०,००० लिटर पाणी पडते आणि दहा मिलिमीटरची एक साधी सर त्याच गच्चीवरून १,००० लिटर पाणी खाली आणते. उज्जैनमध्ये अशा गच्च्या किती असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. आपल्या छपरांवरून आणि अंगणांतून वाहणारे पाणी ही नदीची मिळकत आहे. ती आपण कोणत्या रूपात तिच्या हाती देतो, हा खरा प्रश्न होय.

प्राचीन उज्जयिनीला या प्रश्नाची जाण होती असे मानण्यास आधार आहे. गढकालिका परिसरात १९५५ ते १९५८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने श्री. बॅनर्जी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. त्यात मातीचा प्रचंड तट आणि त्याला लागून पाण्याचा खंदक आढळला. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरीही मिळाल्या. त्या काळच्या नगरांत अशा विहिरी काही ठिकाणी पाणी काढण्यासाठी, तर काही ठिकाणी सांडपाणी जमिनीत जिरविण्यासाठी वापरीत. घरातले मळके पाणी रस्त्यावर न सोडता आपल्याच जागेत जिरवावे, हा विचार त्यामागे दिसतो.

मौर्यकाळात उज्जयिनी हे अवंती प्रांताचे मुख्य ठाणे होते आणि राज्यावर येण्यापूर्वी अशोक येथे प्रांताधिपती होता, हे आपणांस ठाऊकच आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले तरी नगरव्यवस्थेविषयी त्यात जे नियम आहेत, ते अशा नगरांच्या अनुभवातूनच आले असले पाहिजेत. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण दंड, चिखल-पाण्याने रस्ता अडविणाऱ्यास एक चतुर्थांश पण, आणि हाच अपराध राजमार्गावर घडल्यास दुप्पट. पुण्यस्थान, पाणवठा, देवालय येथे घाण करणाऱ्यास दंड एका पणापासून चढत जातो. घर बांधताना पाण्याचा निचरा शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतरावर असावा, हेही तेथे सांगितले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा दंड नदीकाठी नव्हे, तर घराच्या दारात होतो. पाणी नदीपर्यंत पोहोचल्यावर त्याची झडती घेण्यात अर्थ नाही, हे त्या शास्त्रकाराने ओळखले होते.

पुढील शतकांत उज्जयिनीने पाण्याशी जो व्यवहार केला, त्याच्या दोन खुणा आजही डोळ्यांसमोर आहेत. एक कालियादेह. क्षिप्रेच्या प्रवाहात, माळव्याच्या सुलतानांच्या काळात उभा राहिलेला तो महाल आणि तेथील कुंडे पाहताना वाहते पाणी अडवून, वळवून, संथ करून खेळविण्याची कला किती पुढे गेली होती याचा प्रत्यय येतो. दुसरी खूण सप्तसागरांची : रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर. अधिक मासात या सातांची यात्रा करून प्रत्येक ठिकाणी वेगळे दान देण्याची प्रथा आपल्या घराघरांतून अजून पाळली जाते. धर्मदृष्टीने ते तीर्थ आहेतच. पण नगररचनेच्या दृष्टीने पाहिले तर ती पावसाच्या पाण्याची विश्रांतिस्थाने आहेत. उतारावरून धावत आलेले पाणी तळ्यात थांबते, गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत झिरपते आणि उरलेले निवळलेले पाणी पुढे जाते. आज पाश्चात्त्य नगरांत मोठा खर्च करून वस्तीच्या सखल भागात जी तळी खणतात, त्यांचे कार्य यापेक्षा वेगळे नाही. आपल्या पूर्वजांनी अशी तळी पवित्र ठरविली, एवढाच फरक. आणि तो लहान नाही, कारण पवित्र जागा बुजविताना माणसाचा हात निदान काही काळ तरी अडखळतो.

अठराव्या शतकात शिंदेशाहीबरोबर आपली कुटुंबे येथे आली. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. घाट बांधले गेले, हरसिद्धीपुढे दीपमाळा उभ्या राहिल्या, पुढे बायजाबाईंनी गोपाळमंदिर उभारले. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी पुष्कळ घराणी येथेच राहिली. त्यांनी देशावरून आणि कोकणातून जे संस्कार आणले, त्यांत पाण्याविषयीचा एक संस्कार होता. त्याची साक्ष रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळते. गडावरील वाटांवर आणि बाजारात केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली ढकलून न देता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा, असे त्यात सांगितले आहे. केर गडाखाली लोटणे हा सर्वांत सोपा मार्ग होता; पाऊस पडताच तो आपोआप वाहून गेला असता. तरीही तो मार्ग निषिद्ध ठरविला. जे आपल्या जागेत निर्माण झाले त्याची विल्हेवाट आपल्याच जागेत लावावी, ही शिस्त त्यामागे आहे.

माझ्या लहानपणी आमच्या जुन्या वाड्यात ही शिस्त फारशी न बोलता पाळली जाई. न्हाणीचे पाणी परसातल्या केळींना आणि अळवाला जाई. भांडी राखेने घासली जात, आणि खरकटे गाईच्या टोपलीत पडे. पावसाळ्याच्या तोंडावर पन्हळी झाडून घेत. पहिला पाऊस आला, की आम्ही मुले पन्हळीखाली घागरी मांडायला धावत असू; आणि आजी आम्हांस हटकून थांबवीत असे. पहिल्या पावसाचे पाणी भरायचे नाही, त्याने आधी कौले धुऊन निघू देत, असा तिचा दंडक होता. दोन-चार सरी कोसळून गेल्या, की मग घागरी मांडल्या जात आणि हौद भरला जाई. हा दंडक पुष्कळांच्या घरी होता, हे वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

शास्त्रज्ञ आज जे सांगतात ते आजीच्या दंडकाहून वेगळे नाही. दीर्घ कोरड्या काळानंतरच्या पहिल्या लोटात मळाचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पुढच्या पाण्यात ते उतरत जाते. अमेरिकेत १९७२ साली जलशुद्धीचा मोठा कायदा झाला. कारखान्यांच्या आणि गटारांच्या मुखांवर बंधने आली. तरीही अपेक्षेइतक्या नद्या निवळेनात. म्हणून १९७९ ते १९८३ या काळात तेथे २८ ठिकाणी शहरांतून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याची पद्धतशीर पाहणी झाली. त्या पाण्यात शिसे, तांबे, जस्त यांसारखे धातू सर्रास आढळले. ते कोणा एका कारखान्याचे नव्हते. रस्त्यांचे, वाहनांचे, छपरांचे आणि दुकानांचे होते. १९८७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पावसाच्या पाण्याचे निचरेही त्याच्या कक्षेत आले. तेथील अनेक गावांत रस्त्याकडेच्या जाळीशेजारी, येथे टाकलेले थेट नदीत जाते अशा अर्थाची सूचना रंगविलेली असते. शहाण्याला एवढा इशारा पुरतो.

परंतु आजीच्या आठवणीने केवळ भारावून जाणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. तिच्या दंडकात एक उणीव होती आणि ती मान्य केली पाहिजे. पहिल्या पावसाचे मळके पाणी ती आपल्या हौदात येऊ देत नव्हती. पण ते जात कोठे होते? गल्लीतून उताराने खाली, कार्तिक चौकाच्या बाजूने रामघाटाकडे, म्हणजे क्षिप्रेतच. आपला हौद निर्मळ राखण्याची शिस्त आपल्याकडे होती. नदीचा हौद निर्मळ राखण्याची नव्हती. त्या काळी हे खपून गेले, कारण त्या लोटात धूळ, पाला, शेण आणि राख यांपलीकडे फारसे काही नसे. ते नदीच्या पोटात पचत असे. वस्तीही थोडी होती आणि सागरांची पोटे मोकळी होती. आपण पुण्यवान होतो म्हणून नदी निर्मळ होती असे नव्हे. आपल्या मळात विष कमी होते म्हणून ती निर्मळ होती.

विसाव्या शतकाने तो मळच बदलून टाकला. कापडगिरण्यांची धुराडी उभी राहिली, फ्रीगंज वसले, रस्ते डांबरी झाले, वाड्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या. अंगणांना फरशी बसली, परसे बुजली; ज्या मातीत पाणी मुरत असे ती झाकली गेली, आणि तेच पाणी पूर्वीपेक्षा अधिक वेगाने व अधिक मळासह नाल्याकडे धावू लागले. भैरवगडच्या छिपा कारागिरांचे ठसेकाम देशभर नावाजलेले आहे. पूर्वी वनस्पतिज रंगांवर चालणाऱ्या या कलेत रासायनिक रंग आले. राखेची जागा धुण्याच्या पावडरीने घेतली, बैलगाडीची जागा मोटारीने. गिरण्या पुढे बंद पडल्या, पण त्यांच्या जागी हजारो लहान व्यवसाय उभे राहिले, आणि त्या प्रत्येकाच्या दारातून एक बारीकसा ओघळ नाल्याकडे जाऊ लागला.

नदी वाचविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत क्षिप्रेचा समावेश झाला. २०१४ साली नर्मदेचे पाणी नळांतून डोंगर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. इंदूरहून येणाऱ्या खान नदीचे मळके पाणी त्रिवेणीला क्षिप्रेत मिसळू नये म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी ते नळाने शहराच्या खाली नेण्याची योजना झाली, आणि २०२८ च्या सिंहस्थाकरिता सुमारे ३० किलोमीटरचा बंद कालवा हाती घेण्यात आला. या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांच्यामुळे आपल्या मनाने एक सोयीस्कर समजूत करून घेतली आहे : घाण इंदूरची, पाणी नर्मदेचे, काम सरकारचे, आपण फक्त स्नानाचे धनी. इंदुरात निदान सांडपाण्याच्या बाबतीत तरी २०२१ पर्यंत हजारो घरांची तोंडे नाल्यांतून काढून मलवाहिन्यांना जोडली गेली. खान त्यामुळे पूर्ण निवळली असे नव्हे. परंतु एकेका घराच्या मोरीपर्यंत जाऊन हिशेब घेतल्याशिवाय नदीचा हिशेब जुळत नाही, एवढे त्या शहराने मान्य केले.

पावसाच्या पाण्याचा प्रश्न आपल्या शहराने सर्वांत जवळून पाहिला तो सिंहस्थातच. ५ मे २०१६ रोजी मेळा ऐन भरात असताना अवकाळी वादळी पाऊस कोसळला. मंडप पडले, माणसे दगावली, मेळ्याच्या परिसरात चिखल आणि पाणी साचले. लक्षावधींचा मेळा ज्या जमिनीवर राहतो, स्वयंपाक करतो आणि झोपतो, त्या जमिनीवरचे सारे पाऊस आला की नदीकडेच निघते, हे त्या दिवशी वेगळे सांगावे लागले नाही. सिंहस्थ वैशाखात येतो म्हणून पावसाचा विचार नको, ही समजूतही तेथेच संपली. २०२८ चा सिंहस्थ आता दूर नाही.

तोवर आपण काय करावे? उपाय साधे आहेत आणि ते बहुधा दाराशीच सुरू होतात. गाड्या दुरुस्त करणाऱ्याने जळके तेल नालीत न ओतता पिंपात साठवावे आणि अधिकृतपणे गोळा करणाऱ्यास द्यावे. सांडलेल्या तेलावर पाणी न मारता लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्यावे. हलवायाने कढईतले उरलेले तेल आणि भांड्यांचे तेलकट पाणी दुकानापुढच्या पावसाच्या नालीत सोडू नये. बांधकाम काढणाऱ्याने रेती, सिमेंट आणि चुना पावसाळ्यापूर्वी झाकून ठेवावा. रंगाऱ्याने कुंचले रस्त्याच्या नळावर धुऊ नयेत. दुकानदाराने सकाळी दुकानापुढची जागा पाण्याने धुण्याऐवजी आधी झाडून केर उचलावा, कारण धुतलेला केर नाहीसा होत नाही, तो फक्त पुढच्या माणसाच्या दारात जातो. आणि आपण गृहस्थांनी गाडी फरशीवर न धुता मातीवर धुवावी, परसाचा एक कोपरा तरी मोकळा ठेवावा, गच्चीचे पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे आणि मृगापूर्वी केवळ आपली पन्हळच नव्हे, तर दारापुढची नालीही साफ करून तिच्यातला गाळ उचलून न्यावा. काठावर काढून ठेवलेला गाळ पहिल्याच सरीला पुन्हा नालीत येतो, हे आपण दरवर्षी पाहतो.

यांतील एकही गोष्ट नवी नाही. शास्त्रकाराने ती दंडाच्या भाषेत सांगितली, अमात्यांनी आज्ञेच्या भाषेत, आजीने घागर मागे ओढून सांगितली. आपल्याला फक्त आजीचा दंडक एक पाऊल पुढे न्यावयाचा आहे. जे पाणी मी माझ्या हौदात घेणार नाही, ते नदीला देताना ते कसे आहे याची लाज मला वाटली पाहिजे. आणि ते तसे होऊ नये यासाठी पाऊस येण्यापूर्वी माझे छप्पर, माझे अंगण आणि माझ्या दुकानाची पायरी मी झाडून ठेवली पाहिजे. शिंद्यांबरोबर आलेल्या आपल्या घराण्यांनी या नगरीला मंदिरे दिली, घाट दिले, विद्वान दिले. त्या घाटांना लागणारे पाणी ज्या अंगणांतून येते, ती अंगणे अजून आपल्याकडेच आहेत.